चार दिवसांसाठी नेलेली बंदूक

शुक्रवारी संध्याकाळी तळवड्याच्या आयटी पार्काबाहेरच्या टपरीवर चहा घेताना एका मित्राने एकदम विचारलं, "तुमच्या घरात ते बंदुकीचं काय झालं होतं रे? एकदा सांगत होतास तू."

सांगितलं असेल मी कधीतरी, बहुतेक लॉकडाऊनच्या आधी. इतकी वर्षं ते याच्या लक्षात राहिलं म्हणजे काहीतरी कारण असणार. दुसरा कटिंग सांगितला आणि मग हळूहळू बाहेर आलं. त्याच्या वडिलांच्या नावावर एक रिव्हॉल्व्हर आहे, रीतसर परवान्याचं. दोन महिन्यांपूर्वी ते त्याचे दाजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे मिस्टर, घेऊन गेले. दाजींचा चाकणच्या पुढे प्लॉटिंगचा धंदा आहे. एका सातबाऱ्यावरून कुणाशी तरी वाजलंय. "चार दिवस सोबतीला असू दे," म्हणाले. वडिलांनी दिलं. आता विचारलं की दाजी हसतात आणि म्हणतात, "देतो की, पळून चाललोय का मी?"

इथपर्यंत मी नुसता मान हलवत होतो. पुढचं वाक्य ऐकून चहा कडू लागला. गेल्या रविवारी तो दाजींच्या गाडीत मागे बसला होता. पुढे त्याची सहा वर्षांची भाची. ती चॉकलेट शोधायला डॅशबोर्डचा कप्पा उघडत होती आणि दाजी गाडी चालवता चालवता एका हाताने तो कप्पा बंद करत होते. दोनदा झालं असं. तिसऱ्यांदा याने वाकून बघितलं, तर गाडीच्या कागदपत्रांखाली ते होतं.

"आई म्हणते, बोललास तर ताईच्या संसारावर परिणाम होईल. बाबा काहीच बोलत नाहीत. मी बोलू का नको?"

माझं मत शेवटपर्यंत राखून ठेवण्यात काही अर्थ नाही, म्हणून आत्ताच सांगतो. बोल. आजच बोल. दाजी रागावले तर रागावू देत. हे मी टपरीवर सांगितलंच, पण असं सांगून घरी गेल्यावर मला झोप आली नाही. कारण आमच्या घरी हे बोलायला सात वर्षं लागली होती आणि बोलल्याची किंमतही बरीच पडली होती. (मित्राला विचारून लिहितोय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

तर आमची बंदूक.

आमचं मूळ गाव खेड तालुक्यात, चासकमान धरणाच्या वरच्या अंगाला. आजोबांकडे, म्हणजे आबांकडे, बारा बोअरची एकनळी बंदूक होती. परवाना पीक संरक्षणाचा. भुईमूग आणि बटाटा उकरायला रानडुकरं यायची. आबा माळ्यावरनं वर्षातून चार-दोन बार हवेत काढायचे, तेवढाच तिचा उपयोग. रानडुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी लागते हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि मारण्याची हौसही नव्हती. दिवाळीत ते बंदूक पुसायला बसायचे तेव्हा आम्ही पोरं गोल करून बसायचो. हात लावायची परवानगी नव्हती. तेलाचा वास मात्र अजून आठवतो.

आत्या दिलेली आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या पट्ट्यात. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात बिबट्यांनी जो धुमाकूळ घातला तो पुणे जिल्ह्यातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर असा तो सगळा पट्टा. धरणांच्या कालव्यांनी ऊस वाढला, उसात बिबट्याने संसार थाटला, आणि माणसांवर हल्ले सुरू झाले. संध्याकाळी सहानंतर लोक पोरांना अंगणात सोडत नव्हते. २००२ च्या हिवाळ्यात आत्याच्या गोठ्यातलं वासरू गेलं. दोन दिवसांनी आतोबा आमच्याकडे आले. "आबा, चार दिवस बंदूक नेतो. मारायचा नाही, नुसता बार काढायचा. पोरं रात्री लघवीला बाहेर जायला घाबरतात."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर या गोष्टीत आतोबा खलनायक वाटायला लागतात. तसे ते नव्हते. भीती खरी होती, वासरू खरंच गेलं होतं, आणि घरात आबांचीच नातवंडं होती. आबांनी बंदूक दिली, पाच काडतुसं दिली, आणि वर आत्यासाठी बटाट्याचं अर्धं पोतं दिलं.

चार दिवस झाले, महिना झाला, वर्ष झालं. बंदूक सासरी नांदायला लागली.

मग यायचं इलेक्शन. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं पोलीस स्टेशनला जमा करायला लावतात. २००४ मध्ये लोकसभा एप्रिल-मेमध्ये आणि विधानसभा ऑक्टोबरमध्ये, म्हणजे एकाच वर्षात दोनदा. दोन्ही वेळा आबा एसटीने आंबेगावला गेले, बंदूक घेऊन आले, जमा केली, पावती घेतली. निकाल लागल्यावर सोडवून आणली की आठवड्याभरात आतोबा हजर! माहेरपण संपलं, चला सासरी. घरात यावर विनोद व्हायचे, मीही केलेत. परवाना नूतनीकरणाच्या वेळीही तेच. आबा दर खेपेला म्हणायचे, "आता राहू दे इथंच," आणि आतोबा म्हणायचे, "आबा, ऊस अजून उभाय." नाही म्हणायचा धीर आबांना कधीच झाला नाही. तोवर आबा सत्तरीच्या पुढे गेले होते आणि बंदूक कुठे आहे यापेक्षा गुडघे कुठे आहेत हा प्रश्न त्यांना मोठा होता.

२००९ च्या लोकसभेला पुन्हा निरोप आला. बाबांनी आतोबांना फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "ती माझ्याकडं नाहीये सध्या. चुलतभावानं नेलीये. त्याच्याकडं डुकरं फार झालीत."

हे वाक्य मी आमच्या चिखलीच्या घरात, हॉलमध्ये उभं राहून ऐकलं. फोन स्पीकरवर नव्हता, बाबांनी नंतर आईला जसंच्या तसं सांगितलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. बाबा मात्र खाली बसले. आतोबांचा चुलतभाऊ कोण, कुठे राहतो, पितो का, भावकीत भांडणं आहेत का, यातलं काही म्हणजे काही आम्हाला माहीत नव्हतं. आणि परवान्यावर फोटो आबांचा.

आबांना ठाण्यावर जावंच लागलं. हवालदार ओळखीचा होता. "आबा, बंदूक कुठाय?" आणि वारीला जाणाऱ्या, गळ्यात माळ असलेल्या माझ्या आजोबांनी सांगितलं, "दुरुस्तीला दिलीय." घरी येऊन ते जेवले नाहीत.

इथे थोडं कायद्याचं. मी वकील नाही, पण कायदा वाचता येतो, आणि एपीआयची डॉक्युमेंटेशन वाचून वाचून रटाळ गोष्टी वाचायची सवय झालेली आहे. :)

आपला शस्त्र कायदा १९५९ चा, लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याचं कलम ३ सांगतं की परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही. परवाना माणसाला मिळतो आणि तो त्या हत्याराचा मिळतो. घराला मिळत नाही, कुटुंबाला मिळत नाही. आबांसारख्या शेतकऱ्यांची वेगळी सोय कलम १३ मध्ये आहे. पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक, आणि ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर किमान २० इंच नळीची दुसरी साधी बंदूक. म्हणजे आबांना बंदूक मिळाली ती त्यांच्या शिवारातल्या त्यांच्या पिकासाठी. जावयाच्या उसासाठी नाही.

मग दुसऱ्याने हातात घ्यायचीच नाही का? एक बारीक फट आहे. परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर बिनपरवान्याचा माणूस ती नेऊ-आणू शकतो, पण फक्त दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी, किंवा त्या धारकाच्याच वापरासाठी. गंमत बघा, आबांनी हवालदाराला जे खोटं सांगितलं ते नेमकं या फटीत बसणारं होतं. त्यांना कलम माहीत नव्हतं. पण काय खपेल हे माणसाला बरोबर कळतं.

याच्या बाहेर काहीही केलं की दोन्ही बाजू अडकतात. घेणारा अडकतो कारण त्याच्याकडे परवाना नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या बंदुकीसाठीसुद्धा ही शिक्षा कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं अशी झाली आहे. देणारा अडकतो कलम २९ मध्ये. समोरच्याला ती बाळगायचा हक्क आहे की नाही याची खात्री न करता हत्यार त्याच्या ताब्यात देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. जावई आहे, भाचा आहे, सख्खा भाऊ आहे, याला तिथे काडीची किंमत नाही. संजय दत्तचं प्रकरण आठवा. त्याच्याकडे परवान्याची हत्यारं होतीच. त्या परवान्यांनी बाकीचं काही झाकलं गेलं नाही. एके-५६ बाळगल्याबद्दल टाडा कोर्टाने २००७ मध्ये सहा वर्षं दिली, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ती पाचवर आणली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो येरवड्यातून बाहेर आला. आपल्या गप्पांमध्ये अजून "नुसती ठेवली तर होती" असं म्हणतात लोक. नुसती ठेवणं हाच तर गुन्हा आहे.

मला सगळ्यात चमत्कारिक वाटलं ते वेगळंच. तुम्ही शेजाऱ्याला कुकर दिला आणि त्याने परत केला नाही तर कायदा तुमच्या बाजूने आहे. १८७२ चा करार कायदा म्हणतो की फुकट वापरायला दिलेली वस्तू मालक कधीही परत मागू शकतो, अगदी ठरावीक मुदतीसाठी दिली असेल तरी. चार दिवसांसाठी दिली आणि दुसऱ्या दिवशी मागितली तरी चालतं! पण बंदुकीच्या बाबतीत देणंच बेकायदा. मग कुठल्या तोंडाने कोर्टात जाणार? पोलिसात गेलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच. म्हणजे घेणाऱ्याला आपोआप एक अदृश्य संरक्षण मिळतं. तो रक्ताचा असेल तर त्याला हे नकळत माहीत असतं. "देतो की" म्हणताना दाजी हसतात ते या जोरावर.

काही जण म्हणतील, एवढं काय, घरातल्या घरात तर आहे. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरला अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या घालून हत्या झाली, आणि मारणाऱ्याने नंतर स्वतःलाही गोळी मारून घेतली. ते पिस्तूल त्याच्या नावावरचं नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाचं होतं, परवान्याचं. अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. खटल्यात कुणाचा काय दोष ठरायचा तो ठरेल. माझा मुद्दा एवढाच की त्या पिस्तुलाचे कागद व्यवस्थित होते, फक्त हात दुसरा होता. त्याच्या सहाच दिवस आधी उल्हासनगरमध्ये पोलीस स्टेशनात एका आमदाराने गोळीबार केला होता, आणि त्याही भांडणाच्या मुळाशी जमीनच होती. चाकणच्या पुढे प्लॉटिंग करणाऱ्या दाजींबद्दल ऐकताना मला हे सगळं आठवत होतं. आपल्या पट्ट्यात १९९० नंतर जमिनीला जो भाव आला त्याने भावाभावांना कोर्टात बसवलंय. चिखली १९९७ मध्ये महापालिकेत आली तेव्हा इथे शेतं होती. आता माझ्या गॅलरीतून टॉवर सोडून काही दिसत नाही. गुंठ्याच्या भावावर तापलेलं डोकं आणि डॅशबोर्डमध्ये रिव्हॉल्व्हर, ही जोडी मला बिबट्यापेक्षा भयंकर वाटते.

ऑनसाइटवाले मित्र म्हणतात की अमेरिकेत हे नॉर्मल आहे. तिकडेही आता तेवढं नॉर्मल राहिलेलं नाही. मिशिगनमध्ये २०२१ साली एका पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चार जणांना मारलं. पिस्तूल बापाने घेऊन दिलं होतं. २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. इंग्लंडमध्ये शॉटगन उसनी देता येते, पण घेणाऱ्याकडे स्वतःचं शॉटगनचं प्रमाणपत्र पाहिजे, आणि बहात्तर तासांपेक्षा जास्त ठेवायची तर पोलिसांना कळवावं लागतं. बहात्तर तास! आबांचे चार दिवस तिथेसुद्धा बसले नसते.

आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर हा सरळसरळ पासवर्ड शेअरिंगचा प्रकार आहे. रिलीजच्या रात्री कुणीतरी म्हणतं, "तुझं प्रॉडक्शनचं लॉगिन दे ना दोन मिनिटं, माझी रिक्वेस्ट अप्रूव्ह व्हायची आहे." कारण खरं असतं, माणूस चांगला असतो, घाई खरी असते. तुम्ही देता. तो पुढच्याला देतो. सहा महिन्यांनी डेटाबेस उडतो आणि लॉगमध्ये नाव कुणाचं? तुमचं. फरक एवढाच की पासवर्ड बदलता येतो, इथे बसल्या जागी रिव्होक मारता येत नाही.

सरकारनेही मधल्या काळात सगळे परवाने राष्ट्रीय डेटाबेसवर घेतले. प्रत्येक परवानाधारकाला युनिक नंबर दिला आणि जून २०२० नंतर तो नंबर नसलेले परवाने बाद ठरवले. चांगलंच केलं. पण त्या टेबलमध्ये धारकाचं नाव आहे, हत्याराचा नंबर आहे. हत्यार आज रात्री कुठल्या घरात आहे हा कॉलम नाही. तो कॉलम भरला जातो फक्त निवडणुकीत, जेव्हा जमा करायला बोलावतात. ऑडिट म्हणावं तर तेच. आणि आता तेही सरसकट नसतं, छाननी समिती ठरवते कुणाचं जमा करायचं ते. आमचं बिंग फुटलं ते अशाच एका ऑडिटमुळे. निवडणूक आली नसती तर ती बंदूक चुलतभावाकडून आणखी कुणाकडे गेली असती, देव जाणे.

पण खरी अडचण कायद्यात नाहीच. खरी अडचण मागण्यात आहे. आपल्याकडे दिलेली वस्तू परत मागणं हा हलकेपणा समजतात, आणि लेकीच्या घरून मागणं म्हणजे तर महापाप. उसने पैसे बुडवून घेणारा मोठ्या मनाचा ठरतो. आम्ही चिखलीकर तर देहू आणि आळंदीच्या मधोमध राहतो. तुकोबांची गोष्ट इथे प्रत्येक पोराला माहीत आहे. सावकारीची खतं होती, त्यातली अर्धी भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ती गोष्ट थोरच आहे. पण बघा, त्यांनी बुडवलं ते स्वतःचं येणं. भावाच्या वाट्याला हातसुद्धा लावला नाही. बंदूक "जाऊ दे, राहू दे त्यांच्याकडे" म्हणून सोडून दिली तर तुमचं येणं बुडत नाही, ते दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहतं. त्यात मन मोठं असण्याचा काय संबंध?

आमच्याकडे शेवटी बाबा गेले. एकटेच, बुधवारी रजा टाकून. भोसरीच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षांत घरच्या भांडणासाठी घेतलेली ती एकमेव रजा असावी. तिथे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत कळलं. आतोबा आधी हसले, मग चिडले. "दाजी, शनिवारपर्यंत आणून द्या. नाहीतर सोमवारी मी स्वतः ठाण्यावर जाऊन खरं काय ते लिहून देतो. आबांवर केस झाली तरी चालेल," असं बाबा म्हणाले. बाबांचा आवाज घरात कधी चढलेला मी ऐकलेला नाही, तो तिथेही चढला नसणार. आत्या चुलीपाशी होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "एका लोखंडाच्या नळीसाठी तू माझ्या नवऱ्याला पोलिसात देणार होय रे?" बाबांनी उत्तर दिलं नाही. चहा न घेता परत आले.

शनिवारी आतेभाऊ एसटीने बंदूक घेऊन आला. युरियाच्या गोणीत गुंडाळलेली. दस्त्याला चीर गेलेली होती, पट्टा गायब होता, आणि पाच काडतुसांपैकी एकही परत आलं नाही. ती कुठे उडाली हे आजतागायत आम्हाला माहीत नाही. आतेभाऊ माझ्याच वयाचा. आम्ही दोघं लहानपणी त्या तेलाच्या वासात शेजारी शेजारी बसलेलो. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. गोणी ठेवली आणि त्याच एसटीने परत गेला. बाबांनी त्याच दुपारी ती ठाण्यावर नेऊन जमा केली.

निवडणूक झाली. बंदूक सोडवून आणली. त्या दिवाळीला आत्या भाऊबीजेला आली नाही. पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बाबा दरवर्षी साडी घेऊन ठेवायचे. कपाटात तीन साड्या जमल्या होत्या.

मी तेव्हा बाबांवर वैतागलो होतो. मला वाटायचं, थोडं गोडीगुलाबीने घेता आलं असतं. आता तसं वाटत नाही. गोडीगुलाबीने सात वर्षं घेतलंच होतं की! आता उलट वाटतं की बाबा कठोर झाले ते फार उशिरा. २००३ च्या उन्हाळ्यातच कुणी म्हटलं असतं, "दाजी, भीती वाटते तर तुमचा स्वतःचा अर्ज करा, मी येतो बरोबर कलेक्टर ऑफिसला," तर तेव्हा ते एक साधं वाक्य ठरलं असतं. सात वर्षांनी तेच वाक्य दगडासारखं लागलं. मित्राचे दोनच महिने झालेत. त्याला अजून ते साधं वाक्य म्हणता येईल, म्हणून मी एवढी घाई करतोय.

"आबांवर केस झाली तर?" असं मी एकदा बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "झाली असती तर मी बरोबर गेलो असतो." नंतर मला कळलं की त्यांनी जायच्या आधी राजगुरुनगरच्या एका वकिलाला गाठून सगळं विचारून घेतलं होतं. मित्रालाही मी हेच सांगितलं. आधी वकिलाला भेट. मग वडिलांना बरोबर घे, कारण परवाना त्यांचा आहे आणि नियमाने ते फक्त त्यांच्याच हातात परत यायला पाहिजे. तू एकटा जाऊन गाडीत टाकून आणलंस तर तूही त्याच रांगेत उभा. आणि आणल्यावर कपाटात ठेवू नका. वडिलांना खरंच गरज नसेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे नाहीतर पोलीस स्टेशनला जमा करा. आई-बाबांना "ताईचा संसार" या शब्दांत सांगू नकोस, "सहा वर्षांची पोर कप्पा उघडते" या शब्दांत सांग.

आबा २०१३ मध्ये गेले. धारक गेला की हत्यार विनाविलंब जमा करायचं असतं, वारसाला हवं असेल तर तो स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करू शकतो. बाबांनी विचारलं, "तुला पाहिजे का?" मी नको म्हटलं. त्यांनाही नकोच होती. तेराव्यानंतर आम्ही दोघं ती जमा करून आलो. आत्या त्या वेळी आलेली होती. परतलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती. "दिलीस का रे ती?" एवढंच विचारलं तिने. बाबा हो म्हणाले. आत जाऊन त्यांनी कपाटातल्या साड्या आणल्या आणि तिच्या मांडीवर ठेवल्या. तिने त्यातली एक उघडून बघितली, म्हणाली, "हा रंग मला कुठे शोभतो आता?" पण तिन्ही घेऊन गेली. आतोबा मात्र बाबांशी शेवटपर्यंत कामापुरतंच बोलले.

असो. हे लिहून होईपर्यंत रविवारचे अकरा वाजलेत. मित्राचा सकाळी आठलाच मेसेज आला होता की काल वकिलाला भेटून झालं, आज बाबा तयार झालेत, दोघं निघतोय, आई घरी रुसून बसलीये. मी विचारलं, दाजींना फोन केलास का? म्हणाला, नाही, सांगितलं तर ते घरी थांबायचे नाहीत.

आत्ता दुसरा मेसेज आलाय. तळेगाव चौकात ट्रॅफिकला अडकलेत. बाबा गाडीत एक शब्द बोलत नाहीयेत, पण परवान्याचं पुस्तक मांडीवर धरून बसलेत.